डिस्क्रिप्शन लॉजिकची कार्यशाळा: यंत्राशी किती बोलायचं, याचा हिशोब

कृष्णाकाठ | रविवार, सकाळी ११.२०

डिस्क्रिप्शन लॉजिक या विषयाची आंतरराष्ट्रीय कार्यशाळा दरवर्षी वेगळ्या गावी भरते. २०१४ ला व्हिएन्ना, २०१६ ला केपटाऊन, २०१९ ला ऑस्लो, २०२४ ला नॉर्वेतलंच बर्गन. २०२३ साली ग्रीसच्या रोड्स बेटावर झाली ती छत्तिसावी. मी याच विषयात जर्मनीत पीएचडी करते आहे. ‘तू तिकडे नक्की काय करतेस?’ या प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत बसत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. मनात येईल ते विचारा.

आमच्या विषयाचा मुख्य प्रश्न असा: जगाबद्दलचं ज्ञान यंत्राला कोणत्या भाषेत सांगितलं, म्हणजे आपण न सांगितलेल्या पण त्यातून निघणाऱ्या गोष्टी ते स्वतः काढेल, आणि खात्रीने, ठरावीक वेळात काढेल?

वैद्यकातलं उदाहरण घेऊ. यंत्राला सांगितलं, की न्यूमोनिया हा फुप्फुसाचा आजार आहे. ज्या आजाराला निदान एक तरी जिवाणू कारणीभूत असतो, तो जिवाणूजन्य आजार. न्यूमोकॉकस हा जिवाणू आहे. आता ‘न्यूमोकॉकसमुळे होणारा न्यूमोनिया’ अशी नवी संकल्पना आली, की ती ‘फुप्फुसाचा आजार’ आणि ‘जिवाणूजन्य आजार’ या दोन्हींखाली आपोआप जाऊन बसते. तिला तिथे कोणी ठेवलेलं नसतं. चार वाक्यांत हे आपल्याला नुसतं वाचूनही कळतं. तीन-चार लाख संकल्पना झाल्या की कळत नाही, आणि मग तर्क चालवणारा प्रोग्राम लागतो. त्याला आम्ही रीझनर म्हणतो.

याची मुळं सत्तरच्या दशकात आहेत. तेव्हा ज्ञान मांडायचं म्हणजे चौकटी काढायच्या आणि त्या बाणांनी जोडायच्या. अशा आकृतीला सिमँटिक नेटवर्क म्हणत. दिसायला सुरेख, पण बाणाचा अर्थ काय? ‘हत्ती’कडून ‘राखाडी’कडे बाण काढला तर प्रत्येक हत्ती राखाडी, बहुतेक हत्ती राखाडी, की हा समोरचा एक? विल्यम वुड्स यांनी १९७५ मध्ये याच गोष्टीवर बोट ठेवलं. रॉन ब्रॅकमन यांनी हार्वर्डच्या आपल्या पीएचडीत त्यावर काम केलं आणि त्यातून केएल-वन ही प्रणाली उभी राहिली.

पुढचं पाऊल १९८४ सालचं. ब्रॅकमन आणि हेक्टर लेव्हेक यांनी एक अगदी छोटी भाषा घेतली. तिच्यात ‘आणि’ होतं, ‘सगळे अमुक प्रकारचेच’ असं म्हणता येत होतं, ‘एखादा तरी आहे’ असं म्हणता येत होतं. एक संकल्पना दुसरीच्या पोटात येते का, हे या भाषेत झटपट ठरवता येतं. मग त्यांनी तिच्यात एकच भर घातली: नातं मर्यादित करण्याची सोय. म्हणजे नुसतं ‘मूल’ न म्हणता ‘डॉक्टर असलेलं मूल’ असं नातं तयार करायचं. एवढ्या एका सोयीने तो प्रश्न अशा वर्गात गेला, जिथे प्रत्येक वेळी लवकर उत्तर देणारी पद्धत आजवर कोणालाही सापडलेली नाही.

पाच वर्षांनी, १९८९ मध्ये, टोरांटोच्या परिषदेत मानफ्रेड श्मिट-शाऊस यांनी त्याहून मोठा धक्का दिला. केएल-वनमध्ये हाच प्रश्न कुठल्याच प्रोग्रामला सर्व वेळी सुटणार नाही, हे त्यांनी सिद्ध केलं. लोक वर्षानुवर्षं जी प्रणाली वापरत होते, तिच्या गाभ्यातल्या प्रश्नाचं हे असं झालं! माझ्या मते हा विषय खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाला. त्यानंतर कोणीही भाषेत नवी सोय आणली, की तिची किंमत आधी सिद्ध करून दाखवावी लागते. १९९१ मध्ये श्मिट-शाऊस आणि गेर्ट स्मोल्का यांनी एएलसी ही भाषा मांडली आणि तिचा हिशोबही सोबतच दिला. त्याच वर्षी क्लाउस शिल्ड यांनी दाखवलं, की एएलसी म्हणजे तत्त्वज्ञांचं जुनं मोडल लॉजिकच (‘शक्य’ आणि ‘अवश्य’ यांचं तर्कशास्त्र) आहे, फक्त लिहायची रीत निराळी. दोन वेगळ्या घरांत वाढलेलं ज्ञान एका दिवसात एकत्र आलं.

कार्यशाळेत आजही हेच चालतं. कोणी म्हणतं, ही सोय वाढवली तरी भाषा आवाक्यात राहते, ही घ्या सिद्धता. कोणी दाखवतं, की या दोन सोयी एकेकट्या गरीब आहेत, पण एकत्र आल्या की सगळं हाताबाहेर जातं. मला तिथली एक रीत फार आवडते: दुसरीकडे छापून आलेलं काम थोडक्यात मांडलेलं चालतं, आणि अर्धवट अवस्थेतलंही चालतं. सगळे निबंध आखेनहून चालणाऱ्या सीईयूआर या संग्रहात फुकट वाचायला मिळतात. जळगावच्या किंवा रत्नागिरीच्या विद्यार्थ्याला ते ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्याइतकेच हाताशी आहेत.

मुळाक्षर | रविवार, दुपारी १.०५

ताई, मी जळगावला कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लेख दोनदा वाचला. एक शंका आहे. ‘कुठल्याच प्रोग्रामला सुटणार नाही’ म्हणजे संगणक कितीही वेगवान झाला तरी? आणि केएल-वनमध्ये असं काय होतं ज्याने हे झालं?

कृष्णाकाठ | रविवार, दुपारी ३.४०

हो, वेगाचा इथे संबंधच नाही. ट्युरिंगचा हॉल्टिंग प्रॉब्लेम तुला अभ्यासक्रमात असेलच: कुठलाही प्रोग्राम कधी थांबेल की नाही, हे प्रत्येक वेळी सांगणारा प्रोग्राम लिहिताच येत नाही. त्याच जातीचं हे आहे.

दोष एका सोयीत होता. समज, मला अशी माणसं सांगायची आहेत, ज्यांच्या मित्रांची गावं आणि नातेवाइकांची गावं अगदी तीच ती आहेत. दोन वाटांनी निघायचं, एक मित्रांवरून, दुसरी नातेवाइकांवरून, आणि दोन्हींच्या टोकाला जे सापडेल ते जुळलं पाहिजे. बोलताना किती साधं वाटतं! पण अशी जुळणी मोकळेपणाने करू दिली, की त्या वाटा एकमेकींत गुंफून आकडेमोड करणारं अख्खं यंत्र भाषेतच रचता येतं. मग भाषेबद्दलचा प्रश्न हा त्या यंत्राबद्दलचा प्रश्न होतो, आणि त्याचं उत्तर नेहमी मिळेलच असं राहत नाही.

एएलसीमध्ये ही जुळणी नाही. तिथल्या कुठल्याही सुसंगत वर्णनाला झाडासारखं प्रारूप, म्हणजे त्या वर्णनात बसणारं एक जग, मिळतं: खोडापासून फांद्या फुटतात, पण दोन फांद्या पुन्हा एकत्र येतील अशी सक्ती भाषेला करताच येत नाही. म्हणून रीझनर एकेक फांदी तपासून पुढे जाऊ शकतो.

सदाफुली | रविवार, संध्याकाळी ७.१५

मी डॉक्टर आहे, आणि आमच्या रुग्णालयाच्या नोंदी संगणकावर आणायच्या कामात गेली काही वर्षं आहे. तुमचं न्यूमोनियाचं उदाहरण वाचून चटकन स्नोमेड सीटी हा वैद्यकीय संज्ञांचा आंतरराष्ट्रीय संग्रह आठवला. भारत २०१४ पासून तो चालवणाऱ्या संस्थेचा सदस्य आहे, त्यामुळे इथे ते वापरायला पैसे पडत नाहीत, आणि देशातलं त्याचं केंद्र पुण्यात सी-डॅकमध्येच आहे. आम्ही रोज त्यातले कोड टाकतो. पण त्याच्या आत तर्कशास्त्र आहे, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. ते खरंच तुमच्या विषयातलं आहे का? की नुसती वर्गवारी?

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ११.३०

डॉक्टर, खरंच आमच्या विषयातलं आहे, आणि त्याची हकिगत मला या सगळ्यात सर्वांत प्रिय आहे. थोडी लांब आहे.

सुरुवातीपासून सगळे धरून चालले होते, की ज्ञान मांडायच्या भाषेत ‘सगळे’ हवंच. उदाहरणार्थ, ‘ज्याची सगळी मुलं शिकलेली आहेत असा माणूस’. जुन्या प्रणालींत तीच पद्धत होती, म्हणून संशोधनही त्याच बाजूने झालं. ‘निदान एक तरी’ हे त्यामानाने दुय्यम. पुढे लक्षात आलं, की ‘आणि’ आणि ‘सगळे’ एवढीच सामग्री घेतली, आणि त्यावर ‘अमुक असेल तर तमुक असतंच’ असे सर्वसाधारण नियम लावू दिले, की तर्काचा वेळ घातांकाने वाढतो. उलट ‘आणि’ आणि ‘निदान एक तरी’ घेतलं, तेच नियम लावू दिले, तर वेळ आटोक्यात राहतो. या दुसऱ्या भाषेचं नाव ईएल. फ्रांझ बाडर, सेबास्टियन ब्रांट आणि कार्स्टन लुट्झ यांनी २००५ मध्ये तिच्यात आणखी काय काय घालता येईल आणि कुठे थांबावं लागेल, याची हद्दच आखून दिली.

आता वैद्यकाकडे बघा. तुमच्या संकल्पना कशा सांगितल्या जातात? हृदयाचा दाह म्हणजे असा दाह, जो हृदयाच्या एखाद्या भागात आहे. फ्रॅक्चर म्हणजे अशी इजा, जी एखाद्या हाडाला झाली आहे. सगळीकडे ‘निदान एक तरी’. स्नोमेडमधल्या साडेतीन लाखांहून जास्त संकल्पना याच घराण्याच्या भाषेत लिहिलेल्या आहेत. इल्क नावाचा रीझनर त्या सगळ्यांची उतरंड साध्या संगणकावर काही सेकंदांत लावतो. २००९ मध्ये वेबवर ज्ञान मांडायच्या ओडब्ल्यूएल या भाषेची दुसरी आवृत्ती प्रमाण झाली, तिच्या तीन हलक्या उपभाषांपैकी एक याच ईएलवर बेतलेली आहे.

आणि यात चुका कशा सापडतात तेही सांगते. स्नोमेडमधून एकदा असा निष्कर्ष निघत होता, की बोट कापणं हा पंजा कापण्याचाच एक प्रकार आहे. कारण असं, की अवयवांची मांडणी करताना ‘पंजाची रचना’ या संकल्पनेखाली अख्खा पंजाही येत होता आणि त्याचे भागही. बोटाचं फ्रॅक्चर हे पंजाचं फ्रॅक्चर, हे त्यामुळे बरोबर निघायचं. पण शस्त्रक्रियेलाही तोच नियम लागला, आणि बोट गेलं म्हणजे पंजा गेला असं ठरलं. बाडर आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००८ मध्ये दाखवलं, की लाखो विधानांतून नेमकी कोणती मूठभर विधानं हा निष्कर्ष ओढून आणतात, ते यंत्रानेच शोधून देता येतं. माणसाला मग तेवढीच वाचायची आणि दुरुस्त करायची.

सदाफुली | सोमवार, सकाळी ७.५०

हे वाचून अंगावर काटा आला. विम्याच्या दाव्यात किंवा एखाद्या अभ्यासात ‘पंजा कापलेले रुग्ण’ मोजताना बोटवालेही मोजले गेले असते, आणि कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

अजून एक विचारते. माझ्या रुग्णाच्या नोंदीत पेनिसिलिनच्या ॲलर्जीचा उल्लेख नसला, तर तुमचा रीझनर काय समजतो? आमच्याकडच्या एका सॉफ्टवेअरमध्ये कोरी जागा म्हणजे ‘नाही’ असं धरलं जायचं. ते आम्ही भांडून बदलून घेतलं.

कृष्णाकाठ | सोमवार, सकाळी १०.१५

भांडलात ते फार बरं झालं. डिस्क्रिप्शन लॉजिकमध्ये कोरी जागा म्हणजे ‘माहीत नाही’, इतकंच. ॲलर्जी आहे असंही सिद्ध होत नाही, नाही असंही होत नाही. रेल्वेच्या वेळापत्रकात जी गाडी नाही ती नाहीच, तिथे उलटं गृहीतक योग्य. माणसाच्या शरीराबद्दल ते धोक्याचं.

नावांचंही असंच. ओडब्ल्यूएलमध्ये दोन नावं वेगळी आहेत म्हणून माणसं वेगळी, असं यंत्र धरत नाही. आपल्याकडे याचं महत्त्व लगेच पटेल. एकाच बाईची लग्नाआधीची नोंद माहेरच्या नावाने, नंतरची सासरच्या, बँकेत तिसरंच काही. यंत्र त्यांना एक मानायला तयार असतं. वेगळ्या आहेत असं कोणी स्पष्ट सांगेपर्यंत तो रस्ता उघडा राहतो.

लाल_एसटी | सोमवार, रात्री ९.२५

मी बेंगळुरूला मशीन लर्निंगमध्ये काम करतो. धागा उत्तम आहे, पण मनापासून एक विचारायचं आहे. आज चॅटजीपीटीसारखी भाषेची मोठी प्रारूपं आहेत. त्यांना न्यूमोनिया, बोट, पंजा, सगळं कोणी नियम न लिहिता कळतं. साडेतीन लाख संकल्पना हाताने लिहून ठेवायची गरज आता कितपत उरली? आमच्याकडे तरी नवे लोक या वाटेला जात नाहीत.

बेरीज_वजाबाकी | सोमवार, रात्री १०.०५

मी निवृत्त गणित शिक्षक. यंत्रांचं फारसं कळत नाही, तरी बोलतो. उत्तर बरोबर येणं आणि ते बरोबर का आहे हे दाखवता येणं, यातल्या दुसऱ्या गोष्टीसाठी मी आयुष्यभर मुलांना पायऱ्या लिहायला लावल्या. लाल_एसटी, तुमच्या प्रारूपाला पायऱ्या लिहिता येतात का?

लाल_एसटी | सोमवार, रात्री १०.४०

सर, लिहिता येतात, आणि पुष्कळदा चांगल्या लिहितात. पण लिहिलेल्या पायऱ्यांवरूनच ते उत्तर आलं, याची हमी देता येत नाही. हे मान्य करतो.

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी ९.००

लाल_एसटी, हा प्रश्न आमच्याही चहाच्या सुट्टीत सतत असतो.

संकल्पना हाताने लिहायचं काम कमी व्हावं, असं मलाही वाटतं. पाठ्यपुस्तकातून किंवा शोधनिबंधातून विधानांचा कच्चा मसुदा काढायला तुमची प्रारूपं खूप कामाची आहेत. पण तो मसुदा आतून सुसंगत आहे का, त्यातून नको ते निघतं का, हे तपासायला तर्क लागतो. पंजाचीच गोष्ट घ्या. ती चूक करणारे वैद्यकातले जाणकारच होते. प्रत्येक विधान सुटं वाचलं तर ठीकच वाटतं, गडबड सगळी एकत्र आल्यावर होते. आणि रीझनर जेव्हा म्हणतो की अमुक निघत नाही, तेव्हा त्याने सगळ्या शक्यता संपवलेल्या असतात. ‘निघत नाही’ हे इतक्या ठामपणे सांगणारं दुसरं साधन मला माहीत नाही.

रुग्णाला औषध द्यायचं की नाही, पेन्शन मंजूर करायची की नाही, अशा ठिकाणी ज्याच्याबद्दल निर्णय झाला त्याला कारण मागायचा हक्क आहे. ते कारण विधानांच्या रूपात हातात देता येणं ही मला या विषयाची सर्वांत मोठी ताकद वाटते, आणि त्यासाठी भाषेतल्या काही सोयी सोडाव्या लागल्या तरी मी आनंदाने सोडेन.

शब्दबोध | मंगळवार, दुपारी २.३०

मी संस्कृत व्याकरणाचा अभ्यासक. या संदर्भात रिक ब्रिग्ज यांच्या १९८५ च्या एआय मॅगझीनमधल्या लेखाचा उल्लेख व्हायला हवा. संस्कृतमधून ज्ञान मांडण्याबद्दल तो आहे. त्यावरूनच ‘नासाने संस्कृत ही संगणकाची सर्वोत्तम भाषा ठरवली’ असे संदेश फिरत असतात. ब्रिग्ज नासाच्या एम्स केंद्रातल्या एका संशोधन संस्थेत होते, पण तो त्यांचा स्वतःचा लेख होता, नासाचा निर्णय नव्हे. प्रोग्रामिंगबद्दलही तो नाही. वैयाकरणांनी वाक्यार्थाचं जे विश्लेषण केलं, म्हणजे क्रिया मध्यभागी आणि कर्ता, कर्म, करण ही कारकं तिला जोडलेली, ते त्या काळच्या सिमँटिक नेटवर्कशी कसं जुळतं, हे त्यांनी दाखवलं. या परंपरेतले नागेशभट्ट मूळचे मराठी घराण्यातले, काशीला स्थायिक झालेले. १९८६ मध्ये बंगळूरला याच विषयावर परिषदही झाली. कृष्णाकाठ, तुमच्या विषयात या कामाला स्थान आहे का?

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ८.१०

शब्दबोध, खुलासा केलात ते फार चांगलं झालं. प्रामाणिक उत्तर असं, की आमच्या कार्यशाळेत हे काम येत नाही, आणि त्याचं कारण कमीपणाचं नाही. वाक्यातून अर्थाची रचना कशी निघते, हा वैयाकरणांचा प्रश्न. ती रचना हातात आल्यावर तिच्यातून काय निष्पन्न होतं आणि ते काढायला किती वेळ लागतो, हा आमचा. १९८५ पर्यंत सिमँटिक नेटवर्कवर आक्षेप येऊन दहा वर्षं झाली होती, त्यामुळे त्याच्याशी जुळणं हे तेव्हा पुरेसं उरलं नव्हतं.

मला विचाराल तर नव्यन्याय या भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेकडून जास्त शिकण्यासारखं आहे. अभावालाही प्रतियोगी, म्हणजे ज्याचा अभाव ती वस्तू, लागतो, कशाचा अभाव आणि कोणत्या रूपाने हे सांगावं लागतं, हा काटेकोरपणा आमच्यासारख्यांनी मुळातून वाचायला हवा. यावर तुम्ही वेगळा लेख लिहा, मी पहिली वाचक.

बेरीज_वजाबाकी | बुधवार, सकाळी ६.४५

मला एक अडचण दिसते. गणितात ‘सर्व’ म्हणजे सर्व. व्यवहारात प्रत्येक नियमाला अपवाद. ते तुमची भाषा कसं पेलते?

सदाफुली | बुधवार, सकाळी ८.००

सर, माझ्याकडे याचं जिवंत उदाहरण आहे. हृदय छातीत डावीकडे कललेलं असतं, हे पहिल्या वर्षी शिकवतात. आणि डेक्स्ट्रोकार्डिया असलेल्या माणसाचं ते उजवीकडे असतं. यंत्र त्याला माणूसच मानणार नाही की काय?

कृष्णाकाठ | बुधवार, दुपारी १२.२०

साध्या डिस्क्रिप्शन लॉजिकमध्ये ‘माणसाचं हृदय डावीकडेच’ असं ठाम लिहिलं आणि मग अशा रुग्णाची नोंद केली, तर विरोधाभास येतो आणि सगळी माहिती निकामी होते. विरोधातून काहीही सिद्ध करता येतं, हे सर जाणतातच.

नवी माहिती आल्यावर जुना निष्कर्ष मागे घेणारा तर्क ही स्वतंत्र शाखा आहे: नॉन-मोनोटोनिक रीझनिंग. १९८० मध्ये आर्टिफिशियल इंटेलिजन्स या नियतकालिकाच्या एकाच विशेषांकात तिचे तीन पाया घालणारे निबंध आले: रेमंड रायटर यांचं डिफॉल्ट लॉजिक, जॉन मॅकार्थी यांचं सर्कमस्क्रिप्शन, आणि मॅकडर्मट व डॉयल यांचा निबंध. त्या शाखेची कार्यशाळा १९८४ पासून भरते, पहिली न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू पाल्ट्झला झाली. ती आमची सख्खी बहीणच. केपटाऊनला २०१६ मध्ये आणि रोड्सला २०२३ मध्ये दोन्ही एकाच ठिकाणी भरल्या.

अपवाद आणि झटपट तर्क यांचा मेळ बसवायचं काम अजून चालू आहे, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या गटाने त्यात मोलाची भर घातली आहे. ‘साधारणपणे’ हे भाषेत आणता येतं, पण त्याचा अर्थ नेमका कोणता घ्यायचा यावर एकापेक्षा जास्त रास्त मतं आहेत. हा प्रश्न सुटलेला नाही, आणि नव्या मुलांनी हात घालावा असा आहे.

मुळाक्षर | बुधवार, रात्री ९.५५

ताई, नवी मुलं म्हणजे मीच. भारतात राहून यात शिरायचं तर कुठून? कार्यशाळा तर सगळ्या परदेशात दिसतात.

कृष्णाकाठ | गुरुवार, सकाळी ८.३०

आधी हात चालव. स्टॅनफर्डचं प्रोटेजे हे ज्ञानरचना लिहायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते उतरवून घे आणि एखादी छोटी ज्ञानरचना स्वतः लिही. नंतर बाडर, हॉरॉक्स, लुट्झ आणि सॅटलर यांचं केंब्रिजने २०१७ मध्ये काढलेलं पाठ्यपुस्तक घे. तिसऱ्या वर्षाच्या गणितावर त्याची पहिली प्रकरणं झेपतात. आपल्याकडे तर्कशास्त्राची भारतीय परिषद आहे, आयसीएलए. ती मुंबईत आयआयटीमध्ये २००५, २००७ आणि २०१५ मध्ये झाली. तिच्याखेरीज विद्यार्थ्यांसाठी शिबिरंही भरतात.

लाल_एसटी | गुरुवार, दुपारी १.१५

मीही प्रोटेजे उतरवलं. एक आकडा बघून थबकलो. ओडब्ल्यूएलच्या पूर्ण भाषेत वाईटात वाईट परिस्थितीत लागणारा वेळ घातांकावर घातांक असा वाढतो. मग हे चालतं तरी कसं?

कृष्णाकाठ | गुरुवार, दुपारी ४.४५

वाईटात वाईट परिस्थिती माणसं सहसा लिहीत नाहीत म्हणून! इयन हॉरॉक्स यांनी मँचेस्टरला नव्वदच्या दशकात फॅक्ट नावाचा रीझनर लिहिला आणि गॅलेन या वैद्यकीय ज्ञानरचनेवर चालवून दाखवला. अनेकांना तोवर वाटत होतं, की एवढ्या महाग भाषेच्या वाटेला जाऊच नये. त्यांनी शोध घेताना निरर्थक फांद्या लवकर छाटायच्या युक्त्या वापरल्या आणि मोठी रचना आटोक्यात आणली. कार्यशाळेत सिद्धांतवाले आणि प्रोग्राम लिहिणारे शेजारी बसतात, ते याच अनुभवामुळे.

मुळाक्षर | शनिवार, रात्री ११.१०

ताई, आपल्या नात्यांची रचना केली! ‘वडील’ आणि मग ‘बहीण’ या साखळीवरून ‘आत्या’, ‘आई’ आणि ‘बहीण’वरून ‘मावशी’. रीझनरने माझ्या घरातल्या सगळ्या आत्या-मावश्या बरोबर काढल्या. मग मी ‘जिला किमान दोन आत्या आहेत अशी मुलगी’ असं लिहिलं, तर रीझनरने चालायलाच नकार दिला. साखळीने सांगितलेलं नातं मोजणीत वापरता येत नाही, असं काहीतरी म्हणतो. पण ‘जिला किमान दोन बहिणी आहेत’ हे मात्र चालतं. असं का?

कृष्णाकाठ | रविवार, सकाळी १०.००

शाब्बास! तू थेट कुंपणाला जाऊन भिडला आहेस. ‘बहीण’ हे तुझ्या रचनेत सुटं नातं आहे, ते मोजता येतं. ‘आत्या’ साखळीतून येतं. अशी नाती आणि मोजणी एकत्र येऊ दिली, की भाषा पुन्हा त्या न सुटणाऱ्या प्रश्नांच्या प्रांतात जाते. हॉरॉक्स, सॅटलर आणि टोबीस यांनी १९९९ मध्ये हे सिद्ध केलं. तेव्हा मुद्दा संक्रमणशील नात्यांचा होता, म्हणजे ‘पूर्वज’सारख्या नात्यांचा: पूर्वजाचा पूर्वज हाही पूर्वजच. तोच निर्बंध पुढे साखळ्यांनाही लागला.

आणखी एक बघ. तुझी साखळी एकाच दिशेने चालते. वडिलांची बहीण सापडली की आत्या निघते. पण कोणी नुसतं ‘ही तिची आत्या’ असं लिहिलं, तर त्यावरून ‘म्हणजे ही तिच्या वडिलांची बहीण’ हे यंत्र काढणार नाही. त्या उलट्या दिशेला भाषेत जागाच नाही.

मोजायचंच असेल तर दोन वाटा आहेत. ‘ज्याला किमान दोन बहिणी आहेत असे वडील’ ही संकल्पना आधी कर, आणि मग ‘जिचे वडील त्या प्रकारचे आहेत अशी मुलगी’ असं लिही. साखळी टळते, मोजणी सुट्या नात्यावर राहते, रीझनर तक्रार करणार नाही. किंवा रीझनरने काढलेल्या आत्या स्पार्कल या प्रश्न विचारायच्या भाषेने विचारून बाहेर मोज, पण मग तो आकडा नोंदवलेल्या आत्यांचा असेल, सगळ्या आत्यांचा नव्हे. आणि पहिल्या वाटेने गेलास तर त्या दोन बहिणी वेगवेगळ्या व्यक्ती आहेत, हे स्पष्ट लिहायला विसरू नको. नाहीतर एकाच बाईची दोन नावं असतील अशी शक्यता यंत्र उघडी ठेवेल आणि उत्तर रिकामं येईल.